फोमचं हरीण

हरीण एसटीच्या टपावरून आलं,
शहाद्याहून घाट चढून धडगावला,
गोणपाटात बांधलेलं, धड वेगळं, पाय वेगळे,
आणि पोटावर क्रीडा विभागाचा जांभळा शिक्का.

आश्रमशाळेच्या मैदानात उभं केलं
तेव्हा पोरींनी बरगडीवरची वर्तुळं मोजली.
आतलं दहाचं, मग आठ, मग पाच.
रेहमी म्हणाली, सर, याचा डोळा नीट नाही काढला.

मी पारोळ्याचा. माझी धनुर्विद्या
एकवीस दिवसांच्या शिबिरातली, प्रमाणपत्रासकट.
पावलं खांद्याइतकी, बोटं हनुवटीखाली,
श्वास अर्धा सोडून थांबायचं.
मला येत होतं.
म्हणजे सांगता येत होतं.

दोहऱ्या पावरा, शाळेचा रातचा राखणदार,
हरणाभोवती एक फेरी घालून आला.
नाकाला बोट लावलं त्यानं, मग कानाला.
बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला,
"मास्तर, हाऊ आयकस का?"
मी हसलो.
तो नाही हसला.

चैत्रात मोहाची फुलं पडायला लागली
तसा तो मला अंधारातच उठवू लागला.
पहिल्या दिवशी माझा साबण
त्यानं विहिरीमागच्या दगडाखाली ठेवायला लावला.
तिसऱ्या दिवशी कामठा दिला, बांबूचा,
दोरीही बांबूच्याच सालीची, बोटाला खरखरीत.
बाण दिला नाही.
बाण त्याच्याकडेही नव्हते.
तरुणपणी फॉरेस्टवाल्यांनी सात मोजून नेले होते,
पावती मात्र दिली नव्हती.

बस, म्हणाला. बसलो.
गुडघ्यात मुंग्या, मानेवर खऱ्या मुंग्या.
"वारा कथा शे?"
मी झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.
त्यानं विडीची राख चिमटीतून सोडली
आणि ती कुठं गेली ते मला बघू दिलं.
आठ दिवस एवढंच.
आठ दिवस राख.

किती मारलीस, मी एकदा विचारलं.
त्यानं बोटं मोजायला उघडली आणि मिटली.
एकच आठवतं, म्हणाला,
ज्याला लागला, पण जे पडलं नाही.
दोन दिवस त्याच्यामागं चाललो,
पानापानावर थेंब, मग पान कोरडं.
तो वाकून मोहाची फुलं वेचू लागला
आणि मी पुढचं विचारलं नाही.

अकराव्या पहाटे भेकर आलं.
आधी काहीच नव्हतं, मग होतं.
ओल्या फुलांवर जबडा चालत होता,
आवाज इतका बारीक की माझाच वाटावा.
मी कामठा ओढला. बांबू जरासा कण्हला.
एक कान माझ्याकडे वळला,
दुसरा दरीकडेच राहिला.
दोन कान दोन दिशांना,
आणि मधे तो डोळा, कुणीही न काढलेला.

हात थरथरत होता, दोरी रिकामी.
सोडायचं काहीच नसेल
तर ताण कुठं ठेवायचा,
हे शिबिरात शिकवलं नव्हतं.
मग ते भुंकलं, कुत्र्यासारखं, एकदाच,
आणि झुडपं हलून स्थिर झाली.
दोहऱ्यानं मागून माझा दंड हळू खाली केला.
"आते सुरुवात व्हयनी," म्हणाला,
आणि विडी शोधू लागला.

परवा मैदानावर गेलो
तर फोमच्या हरणाचा एक कान गायब.
तिथं दोऱ्यानं बांधलेलं पळसाचं पान,
वाऱ्याबरोबर फिरणारं.

रेहमीनं बाण लावला, ओढला,
पान तिच्याकडे वळलं.
ती तशीच उभी राहिली,
मी मोजत होतो, चौदा, पंधरा,
आणि तालुक्याच्या स्पर्धेला नऊ दिवस उरले होते.